शिडाच्या बोटीचे भाग कोणत्या क्रमाने शिकावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरा वर्षांची, राहायला नेरूळ, सुट्टीत शिडाची बोट चालवायला शिकते आहे. शिबिरातून तिला एक छापील चित्र मिळाले. त्यात बाण दाखवून तीस-पस्तीस इंग्रजी नावे दिली आहेत. ती रात्री पाठ करते आणि सकाळी बोटीवर गेल्यावर गोंधळते. त्यातच दिवाळे कोळीवाड्यातले तिचे आजोबा तेच चित्र पाहून डोल, परबाण, दामण असे निराळे शब्द सांगतात. मग तिने कुठले शब्द शिकायचे, आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर आधी देतो, कारणे नंतर. चित्र भिंतीवर राहू द्या, पण त्यावरून पाठांतर बंद करा. आधी वारा, मग शीड, मग दोऱ्या, मग पाण्याखालचे भाग, आणि लाकडी किंवा फायबरच्या सांगाड्याची नावे सर्वांत शेवटी. शब्दांचे म्हणाल तर तिच्या बोटीवर हाक मारताना जो शब्द वापरतात तो पहिला. आजोबांचे शब्दही तिने जरूर घ्यावेत, पण ते शब्द दुसऱ्या जातीच्या बोटीचे आहेत हे समजून घ्यावेत.

मी ठाण्यात राहतो आणि मुंबई बंदरात लहानमोठ्यांना शिडाच्या बोटी शिकवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण नावांना घाबरूनच येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: बोटीवरचे प्रत्येक नाव म्हणजे एक काम आहे. वारा सुटलेला असताना, शीड फडफडत असताना मागून हाक येते, 'शीट सोड!' त्या क्षणी हात बरोबर त्या दोरीवर गेला पाहिजे. चित्रातला बाण तिथे आठवत बसायला वेळ नसतो. म्हणून नाव डोक्यात जाण्याआधी हातात जायला हवे, आणि त्यासाठी तो भाग काय करतो हे आधी कळायला हवे.

सुरुवात वाऱ्यापासून. बोटीत बसल्यावर डावी-उजवी बाजू लागतेच. नाळेकडे, म्हणजे पुढे तोंड करून बसले की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. रात्रीच्या दिव्यांत पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. बेलापूर किंवा भाऊच्या धक्क्यावरून संध्याकाळी लाँच पाहिली तर हे दिवे ओळखायची सवय लावता येते. पण शिडाच्या बोटीत डाव्या-उजव्यापेक्षा महत्त्वाच्या दोन बाजू असतात. ज्या बाजूने वारा येतो ती वाऱ्याची बाजू, आणि वारा ओलांडून जातो ती आडोशाची बाजू. बोट वळली की या बाजू बदलतात. शीड कुठल्या बाजूला जाईल, बसायचे कुठे, दोन बोटी समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची, हे सगळे यावरून ठरते. वारा पोर्टकडून घेणारी बोट पोर्ट टॅकवर, स्टारबोर्डकडून घेणारी स्टारबोर्ड टॅकवर. आणि पोर्ट टॅकवरच्या बोटीने स्टारबोर्ड टॅकवरच्या बोटीला वाट द्यायची. दोघी एकाच टॅकवर असतील तर वाऱ्याच्या बाजूच्या बोटीने आडोशाच्या बोटीपासून दूर राहायचे. मुलीला घरातून निघताना रोज एक प्रश्न विचारा: आज वारा कुठून आहे? थंडीत आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे जमिनीकडून मतलई असते, दुपारी पश्चिम-वायव्येकडून समुद्रावरचा वारा सुरू होतो. नेरूळच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे पाहूनही हे कळते. ज्या मुलाला वाऱ्याची दिशा विचारताच बोट दाखवता येते त्याची निम्मी नावे आपोआप जागेवर बसतात.

आता शीड. ती लहान आहे, म्हणजे बहुधा ऑप्टिमिस्टवर शिकत असेल. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी आखलेली ही बोट २.३६ मीटर लांब, सुमारे ३५ किलो वजनाची, आणि शीड साधारण ३.३ चौरस मीटरचे. एकच मूल ती चालवते. पण मोठ्या बोटींचे शीड तिकोनी असते, म्हणून आधी तिकोनी शिडाची नावे सांगतो.

तीन कडा. मास्टला, म्हणजे डोलकाठीला लागलेली पुढची कड लफ. मागची मोकळी कड लीच. खालची कड फूट. तीन कोपरे. वरचा हेड, खालचा पुढचा टॅक, खालचा मागचा क्लू. ही सहा नावे शीड जमिनीवर अंथरून, प्रत्येक कडेवरून हात फिरवत शिकावीत. लफवर हात फिरवताना सांगायचे की वारा शिडाला पहिल्यांदा इथे भेटतो. शीड फडफडू लागते तेही इथूनच. क्लू हातात धरून सांगायचे की शीड आत-बाहेर होते ते या कोपऱ्यावरच्या ओढीने. लीच मोकळी असते, तिला आकार धरायला मदत व्हावी म्हणून तिथे पातळ लांब पट्ट्या खोचतात, त्या बॅटन. शिडावर चिकटवलेले लोकरीचे किंवा कापडाचे लहान धागे म्हणजे टेलटेल. दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असले की शीड बरोबर लागले आहे. वाऱ्याच्या बाजूचा धागा नाचू लागला तर शीड थोडे आत ओढायचे किंवा नाळ वाऱ्यापासून थोडी दूर न्यायची. आडोशाच्या बाजूचा नाचला तर उलट करायचे. मला विचाराल तर बोटीवरचे सर्वांत उपयुक्त उपकरण हेच. ते बारीक आहेत म्हणून नवशिके त्यांच्याकडे बघतच नाहीत.

ऑप्टिमिस्टचे शीड मात्र चौकोनी. त्याला वर दोन कोपरे: मास्टजवळचा थ्रोट आणि बाहेरचा पीक. पीकला वर ढकलून धरणारी एक तिरपी काठी असते, ती स्प्रिट. म्हणूनच तिच्या चित्रातली काही नावे मोठ्या मुलांच्या बोटीवर सापडत नाहीत. तिला ही गोष्ट सांगून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी बोट बदलल्यावर आपणच काहीतरी विसरलो असे तिला वाटेल.

आता दोऱ्या. गोंधळ सगळा इथेच होतो, म्हणून इथे मी जास्त थांबतो. शिडाच्या बोटीवरच्या दोऱ्यांचे दोन गट असतात: चालताना हाताने ओढायच्या-सोडायच्या, आणि एकदा ताणून बांधल्या की तशाच राहायच्या.

हलत्या गटात सर्वांत महत्त्वाची शीट. नवीन माणूस शीट म्हणजे शिडाचे कापड समजतो. शीट ही दोरी आहे. शीड आत घेणारी आणि बाहेर सोडणारी. मुख्य शिडाची ती मेनशीट, पुढच्या लहान शिडाची, म्हणजे जिबची, ती जिबशीट. आजोबांचे दामण म्हणजे हीच. बोट जास्त कलायला लागली की पहिला उपाय शीट सोडणे. म्हणून शीट कधी हाताला गुंडाळायची नाही आणि पायाखाली अडकू द्यायची नाही. शीटच्या टोकाला आठाची गाठ मारायची, म्हणजे सुटली तरी ती कप्पीतून निसटून जाणार नाही. कप्पीला बोटीवर ब्लॉक म्हणतात. दोरी दातांत धरून ठेवणारा भाग क्लीट. शीट क्लीटमध्ये अडकवून निवांत बसायची सवय लहान मुलांना लागते. मी पहिले काही दिवस त्यांना क्लीट वापरूच देत नाही. हातात शीट असली की वाऱ्याचा प्रत्येक झोत मनगटाला कळतो, आणि तेच शिकायचे असते.

दुसरी दोरी हॅलयार्ड, शीड वर चढवणारी. शीट आणि हॅलयार्ड या दोघींचा गोंधळ करणे धोक्याचे आहे: कोणी 'शीट सोड' म्हणाले आणि हॅलयार्ड सुटली तर सगळे शीड डोक्यावर येते. त्यातून हॅलयार्ड सगळ्या बोटींवर नसते. ऑप्टिमिस्टचे शीड छोट्या दोऱ्यांनी मास्टला बांधतात. इल्का ही एकट्याने चालवायची शर्यतीची बोट, म्हणजे पूर्वीची लेझर, तिच्या शिडाला लांब खोबणीसारखा बाहीचा खिसा असतो आणि तो थेट मास्टवरून खाली ओढतात. तिथे हॅलयार्डचा प्रश्नच येत नाही. एकाच सांगाड्यावर तीन मापांची शिडे लावता येतात: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. मूल वाढते, वजन वाढते, तसे शीड बदलायचे. भारताची नेत्रा कुमनन टोकियो ऑलिंपिकला गेली ती याच जातीच्या बोटीवर, मधल्या मापाच्या शिडाने.

मग येतात शिडाचा आकार बदलणाऱ्या दोऱ्या, आणि इथे आपल्याकडे शिकवताना घाई होते. आउटहॉल क्लूला बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकाकडे ओढते. ताणली की शिडाचे पोट सपाट होते, ढिली केली की खोल. जोराच्या वाऱ्यात सपाट, मंद वाऱ्यात जरा खोल. व्हँग, ज्याला काही जण किकर म्हणतात, बूमला खाली धरून ठेवतो. तो नसेल तर शीट सोडताच बूम बाहेर जाण्याऐवजी वर उचलला जातो आणि शिडाची वरची बाजू पिळवटते. कनिंगहॅम लफवर खाली ताण देते आणि शिडाचे पोट पुढे आणते. हे नाव एका माणसाचे आहे: ब्रिग्ज कनिंगहॅम, ज्यांनी १९५८ मध्ये अमेरिका कपच्या शर्यतीत कोलंबिया ही नौका चालवली. ऑप्टिमिस्टवर यातले सगळे नसते, म्हणून तिला आज कनिंगहॅम पाठ करायला लावू नका. ज्या दोरीला अजून तिचा हात लागलेला नाही, तिचे नाव कागदावरच राहू द्यावे.

स्थिर गटात मास्टला उभा धरणाऱ्या तारा येतात. नाळेकडे जाणारी फोरस्टे, दोन्ही बाजूंना उतरणारे श्राउड. श्राउड मास्टपासून दूर ढकलून धरणाऱ्या आडव्या काड्या स्प्रेडर. ऑप्टिमिस्ट आणि इल्का यांच्या मास्टला अशा तारा नसतात; मास्ट नुसता खोबणीत बसतो. एंटरप्राइझसारख्या दोन माणसांच्या बोटीवर असतात. मोठ्या बोटीवर या तारांवर जिवाचा भरवसा असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीय नौदलातले अधिकारी अभिलाष टोमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची 'थुरिया' उलटली, मास्ट मोडला, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि त्यांना वाचवून आणावे लागले. तेच टोमी पुढच्या शर्यतीत, २०२३ मध्ये, दुसरे आले. मुलांना श्राउड शिकवताना मी हे सांगतो. तारेच्या टोकाची पिन, तिला अडकवलेली बारीक रिंग, तिच्यावरची चिकटपट्टी, हे सगळे रोज बघायचे असते आणि का बघायचे हे त्यांना पटते.

मास्ट आणि बूम यांचा आणखी एक मुद्दा आपल्या भागासाठी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मास्ट बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. ठाणे खाडीवरून उच्चदाबाच्या विजेच्या तारा जातात. वाशी, ऐरोली इथले पूल आहेत आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. बोट ट्रॉलीवरून नेतानाही मास्ट उभा असेल तर वर तार आहे का हे आधी बघायचे, आणि मास्ट विजेच्या तारेजवळ कधीही न्यायचा नाही. पुलाखालून जाताना भरतीची वेळ धरून उंची मोजायची. उधाणाच्या दिवशी इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, म्हणजे सकाळी ज्या पुलाखालून सहज गेलात त्याखालून दुपारी जाता येईलच असे नाही.

बूम ही शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी. तो मास्टला ज्या फिरत्या जोडाने लागतो तो गूजनेक. बूमबद्दल मूल पहिल्या दिवशी शिकते ते डोके खाली घालायला. नाळ वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे टॅक करणे, पिछाडी वाऱ्यातून फिरवून वळणे म्हणजे जाइब. जाइबमध्ये बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्याने येतो. टॅक हा शब्द यात तीन अर्थांनी आला आहे हे तुमच्या लक्षात आले असेल: शिडाचा कोपरा, बोटीची वाऱ्याशी असलेली बाजू, आणि वळण्याची क्रिया. तिन्ही अर्थ एकाच दिवशी सांगू नका. आधी वळणे, काही दिवसांनी बाजू, कोपरा नंतर.

आता आजोबांची बोट, कारण तिचा संबंध इथेच येतो. कोकणातल्या जुन्या मचव्याला बूम नसतो. डोल, म्हणजे डोलकाठी, पुढे झुकलेली. तिच्यावर लांब तिरपी काठी, ते परबाण. परबाणाला तिकोनी मोठे शीड. या बोटी वाऱ्याच्या तोंडावर वळण्यापेक्षा पिछाडी वाऱ्यात घालून वळत आणि परबाण डोलाच्या पुढून दुसऱ्या बाजूला नेत. ते काम खलाशांनी मिळून करायचे, तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, हुकुमाखाली. दोन डोल असलेल्या गलबताच्या मागच्या छोट्या डोलाला कलमी म्हणत. म्हणजे परबाण हे बूमचे मराठी नाव समजू नका. परबाण शिडाच्या वरच्या कडेला, बूम खालच्या कडेला. दोघांचे काम वेगळे आणि बोट वळवण्याची रीतही वेगळी. आजोबांकडून हे शब्द घेताना मुलीने त्यांना एकच विचारावे: वळताना तुम्ही काय करायचात? त्या एका उत्तरात डोल, परबाण, दामण, सुकाणू, सगळे येईल, आणि पाठ न करता लक्षात राहील. वल्ह्याच्या छोट्या होडीला दक्षिण कोकणात बाजूला जे लाकूड बांधतात, ती उलांडी. ती विचारायलाही विसरू नका.

पाण्याखालच्या भागांकडे वळतो. वारा बाजूने ढकलत असताना बोट पुढे का जाते, आडवी का सरकत नाही, हे मूल एकदा अनुभवते तेव्हा सेंटरबोर्ड हा शब्द त्याच्या कायमचा लक्षात राहतो. बोटीच्या मध्यातून खाली उतरणारी फळी: वर-खाली सरळ सरकणारी असेल तर डॅगरबोर्ड, खिळ्यावर फिरणारी असेल तर सेंटरबोर्ड. ऑप्टिमिस्ट आणि इल्का यांना डॅगरबोर्ड असतो. शिकवताना मी फळी वर काढून वाऱ्याला आडवे जायला सांगतो. बोट खेकड्यासारखी तिरकी सरकत जाते. मग फळी खाली ढकलायला सांगतो. बोट सरळ धावू लागते. त्यानंतर समजावून सांगायचे काही उरत नाही.

वारा पाठीमागून घेऊन जाताना फळी बरीचशी वर घेतात, कारण तेव्हा बाजूचा जोर कमी असतो. ठाणे खाडीत हे शब्द आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. ओहोटीला इथे लांबच लांब चिखल उघडा पडतो. 'बोर्ड वर!' अशी हाक आली आणि उशीर झाला तर फळी गाळात रुतते, आणि बोट जोरात असेल तर फळीची पेटीही फुटते. खाडीच्या वरच्या भागात २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. तिथे मनाला येईल तशी बोट हाकायची नसते. मुलांना शिकवायचे ते दक्षिणेकडे, मोकळ्या खोल पाण्यात, भरतीचे कोष्टक बघून.

सुकाणू म्हणजे रडर. पाण्यातली फळी रडरची, हातातला दांडा टिलर, आणि टिलरला जोडलेली लांब काठी टिलर एक्स्टेन्शन, म्हणजे बाहेर झुकून बसतानाही दांडा हातात राहतो. बाहेर झुकून बसण्यासाठी पाय ज्या पट्ट्याखाली अडकवायचे तो हायकिंग स्ट्रॅप. रडर बोटीच्या मागच्या सपाट फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, बिजागरीने बसतो. टिलर ज्या बाजूला ढकलला त्याच्या विरुद्ध बाजूला नाळ वळते. हे सांगून कळत नाही, पहिल्या अर्ध्या तासात हाताला कळते.

सांगाडा शेवटी ठेवा म्हणालो, कारण तो हलत नाही आणि त्याच्यावर हाका येत नाहीत. पण तो शिकायची उत्तम जागा तुमच्या घराजवळच आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि बोटी किनाऱ्यावर ओढून दुरुस्तीला लागतात. आजोबांबरोबर तिला दिवाळ्याला न्या. एरवी पाण्याखाली दडलेले सगळे तिथे उघडे दिसते. पुढचा उभा भाग नाळ. तळाला पुढून मागे जाणारे मुख्य लाकूड पठाण, त्यालाच इंग्रजीत कील. पठाणावर दोन्ही बाजूंना उभ्या राहणाऱ्या वाकड्या बरगड्या, ते वांक, आणि त्यांवर बसवलेल्या फळ्या. बऱ्याच बोटी आता फायबरच्या आहेत. त्यांच्यात ही हाडे एकाच कवचात लपतात. म्हणून एखादी लाकडी बोट शोधा. वांकासाठी सुतार मुळातच वाकलेले लाकूड का निवडतो हे त्याच्याकडूनच ऐकू द्या: रेषा वळणाबरोबर जातात म्हणून लाकूड तिथे फुटत नाही.

या भागाला बोटबांधणी नवी नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढच्या काळात आरमाराच्या जहाजांची बांधणी याच खाडीकाठी सुरू झाली. पोर्तुगीज कारागीरही त्या कामावर होते. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून जो विक्रम केला, ती त्यांची 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधलेली. २०२५ मध्ये नौदलाने कारवारला दाखल करून घेतलेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत. तिची शिडे चौकोनी आहेत आणि मागे सुकाणूऐवजी दिशा द्यायला मोठी वल्ही आहेत. मुलीला तिचे छायाचित्र दाखवून विचारा की यात टिलर कुठे आहे. ती शोधेल आणि सापडणार नाही. मग ही बोट वळवत कशी असतील हा प्रश्न ती स्वतःच विचारेल.

बोटीवर मराठी शब्द वापरावेत का, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्या देशात या खेळाचा मोठा भाग भूदल आणि नौदलाच्या केंद्रांतून चालतो, बोटीवर चार राज्यांची मुले एकत्र असतात, आणि शर्यतीचे नियम इंग्रजीत आहेत. तिथे 'शीट' म्हटले की सगळ्यांना कळले पाहिजे. म्हणून हाकेचे शब्द तेच राहू द्यावेत. त्यांच्या जागी ओढूनताणून तयार केलेले संस्कृत शब्द बसवू नयेत. समजावून सांगणे मात्र मराठीत करावे, आणि जिथे किनाऱ्यावरचा जिवंत शब्द आहे तिथे तो वापरावा: शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ, नांगर, कप्पी, वल्हे, मतलई, उधाण, आणि उधाणाच्या उलट कमी भरतीची भांग. हे शब्द दिवाळ्यात, सारसोळ्याला, ठाण्यात चेंदणीच्या कोळीवाड्यात अजून माणसांच्या तोंडी आहेत. मुलांनी ते त्यांच्याकडूनच ऐकावेत.

सरावाची पद्धत. घरात चित्र बघून नावे विचारू नका. शिबिरात बोट जमिनीवर तयार करताना पंधरा मिनिटे तिच्याजवळ उभे राहायची परवानगी मागा. तिने एकेक भाग लावताना त्याचे काम मोठ्याने सांगावे: 'ही शीट, शीड आत-बाहेर करते.' 'हा स्प्रिट, पीक वर धरतो.' बोट मोडून ठेवतानाही तसेच, उलट्या क्रमाने. आठवड्याभराने डोळे मिटून बसवा आणि सांगा, शीट धर, टिलर धर, हायकिंग स्ट्रॅप शोध. मोठ्या बोटीवर हॅलयार्डही त्यात घाला. बोट उलटल्यावर डोळ्यांत खारे पाणी असते, तेव्हा नेमके हेच लागते. उलटलेली बोट सरळ करताना ती पोहत मागे जाते, हातातली शीट मोकळी करते, डॅगरबोर्डपर्यंत पोहोचते, त्यावर वजन टाकते, बोट उभी राहताच आत चढते. या चार-पाच गोष्टींत चार-पाच नावे आहेत. उलटायचा सराव प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, उथळ पण चिखल नसलेल्या पाण्यात लवकर करून घ्यावा. त्यानंतर नावांची भीतीही जाते.

मोठ्या माणसांनी शिकायचे असेल तरी क्रम हाच. त्यांना फक्त एक जास्त अडचण असते: त्यांना सगळे एकदम समजून घ्यायचे असते आणि व्हँग-कनिंगहॅमवर तास घालवून शीट सोडायला ते विसरतात. त्यांनाही पहिले काही दिवस शीट, टिलर आणि बोर्ड या तिघांपलीकडे जाऊ देऊ नये.

चित्रात बहुधा अगदी कोपऱ्यात दिलेली तीन नावे राहिली. बोट पाण्यात सोडण्याआधी ती तिने रोज मोठ्याने म्हणावीत. पेंटर, म्हणजे नाळेला बांधलेली ओढायची दोरी, जागेवर आहे का. बेलर, म्हणजे पाणी उपसायचे भांडे, दोरीने बांधलेले आहे का. आणि तरंगत्या हवेच्या पिशव्या नीट भरलेल्या आहेत का. ऑप्टिमिस्टमध्ये त्या तीन असतात. इल्कावर गेली की पिशव्यांच्या जागी मागच्या बाजूचे पाणी काढायचे बूच येईल, ते घट्ट बसलेले आहे का हे हाताने दाबून पाहायचे. लाइफजॅकेट या यादीत घातले नाही, कारण ते किनाऱ्यावर पाय ठेवतानाच अंगावर असायला हवे.